जमा आणि नावे : सुपे, बारामती, इंदापूर

व्यापारी कुटुंबांत प्रवास ठरतो तो बहुधा तीन कारणांनी : लग्नकार्य, तीर्थवंदना किंवा वसुली. ज्या गावात चार पिढ्या दुकान चालले, त्या गावाकडे प्रवासी होऊन पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पेठ रोजची असते, आणि रोजच्या गोष्टीकडे कोणी मान वर करून पाहत नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात चाळीस वर्षांपूर्वी एकाच वर्गात बसलेल्या चार मित्रांनी मात्र यंदा मार्गशीर्षातील एक शनिवार-रविवार नेमका त्यासाठी राखून ठेवला. गाडीने गावोगाव जायचे आणि प्रत्येक गावात उतरून पायी फिरायचे, एवढाच बेत होता.

चौघांपैकी एकाची बारामतीत धान्य आणि गुळाची आडत आहे. दुसरा पुण्यात कापडाचा घाऊक व्यापार करतो. तिसरा सनदी लेखापाल आहे. चौथा इंदापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला, आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेला शिक्षक. त्याला बाकीचे तिघे वर्गमित्र असूनही ‘सर’ म्हणतात. पहिले तिघे जैन आहेत.

या बेतामागे एक अडचण होती. आडतवाल्या मित्राच्या जुन्या दुकानाची इमारत पाडून तेथे नवी बांधायचे ठरले होते. माल हलवताना पोटमाळ्यावर लाल कापडात बांधलेले वह्यांचे आठ गठ्ठे निघाले. काही वह्या मोडीत होत्या, काही जुन्या वळणाच्या गुजराती अक्षरांत. मुलाने रद्दीवाल्याला सोमवारी बोलावून ठेवले होते. सरांना मोडी वाचता येते. वह्या वाचायला मिळाव्यात, असे त्यांनी पूर्वी दोनदा सुचवले होते आणि दोन्ही वेळा आडतवाल्याने विषय बदलला होता. या वेळी सर एवढेच म्हणाले, “शेठ, वह्यांचं काय ते तू सोमवारी ठरव. त्याआधी दोन दिवस माझ्याबरोबर चाल.”

सुपे

पहिला मुक्काम सुपे. मोरगावच्या उत्तरेला असलेले हे बारामती तालुक्यातील मोठे गाव. पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे भोसले घराण्याच्या जहागिरीत होते. शिवाजीमहाराजांनी आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे घेतल्याची हकिगत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु सरांनी मित्रांना येथे आणले ते वेगळ्या कारणासाठी. सकाळच्या कोवळ्या उन्हात पेठेतून चालत असताना ते एका जागी थांबले आणि त्यांनी तारीख सांगितली : १२ मे १८७५.

त्या दिवशी सुप्याच्या बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतकरी एकत्र जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. धान्याची लूट झाली, एक घर जळाले. पण जमावाची खरी मागणी होती ती कर्जरोख्यांची आणि वह्यांची. हाती लागतील ते कागद पेठेत आणून जाळले गेले. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. इतिहासात यालाच ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. या सर्व प्रकारात माणसांवर हात टाकण्याचे प्रसंग थोडे घडले. सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले तेथे जमाव बहुधा तसाच परत फिरला. राग कागदावर होता. सावकारांत गुजर आणि मारवाडी वाणी अधिक होते, आणि ‘वाणी’ या नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांत वैष्णव होते तसे श्रावकही होते.

ऐकता ऐकता आडतवाल्याचा चेहरा बदलत गेला. “आमच्या घरात याला सुप्याची लूट म्हणतात,” तो म्हणाला. “पणजोबांचे वडील त्या वेळी इथेच दुकान चालवत होते. रात्रीतून बायकामुलं घेऊन बारामतीला आले, असं आजी सांगायची. दिलेला पैसा बुडाला, वर बदनामी पदरात आली. सर, चोरी कुणाची झाली होती?”

सर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या घरात याला लूट म्हणत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, त्या वर्षी थोरल्या आज्यानं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मुद्दल तीनदा फिटली होती म्हणे. पण रोखा दर तीन वर्षांनी नवा व्हायचा आणि व्याज मुद्दलात बसायचं. त्याला वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र दर वेळी उमटवावा लागायचा.”

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तरी दोघांच्याही आवाजाला धार आली होती. चहाच्या टपरीवर चौघे बसले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत हा विषय एकदाही निघाला नव्हता, हे त्या शांततेतच प्रत्येकाच्या ध्यानात आले. शेवटी सनदी लेखापाल मित्राने आपल्या धंद्याची वाट धरली. “दोघांनीही एकेक पान दाखवलं,” तो म्हणाला. “वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. ताळा लागेपर्यंत कुणाचंच खोटं म्हणता येत नाही. पुढे चला.”

गाडीत बसल्यावर आडतवाला हळूच म्हणाला, “आठ गठ्ठ्यांतला सगळ्यात जुना सुप्याच्या दुकानाचा आहे, असं वडील सांगायचे. तो कसा वाचला, कुणालाच ठाऊक नाही.” वह्यांचा विषय तो दोनदा का टाळत होता, हे तेव्हा इतरांना समजले. त्या गठ्ठ्यात काय निघेल, याची त्याला धास्ती होती.

बारामती

दुपार बारामतीत गेली. गांधी चौकात गाडी ठेवून चौघे महावीर पथ आणि मारवाड पेठ पायी फिरले. जैन वाचकाला ही नावे वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या रस्त्यांनी लहानपणी शाळेत जायचे, त्या रस्त्यांवरची घरे चौघांनी प्रथमच मान वर करून पाहिली : लाकडी सज्जे, कोरीव चौकटी, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी बांधणी, आणि मागील अंगाला माल ठेवण्याचे अंधारे कोठार. कापडवाल्या मित्राने एका बंद फळीच्या दुकानाकडे बोट दाखवले. येथेच त्याच्या आजोबांनी खांद्यावरचे कापडाचे गाठोडे प्रथम खाली ठेवले होते.

पेठ ओलांडून कऱ्हा नदीकडे वळले की बारामतीचे जुने वैभव दिसू लागते. नदीकाठी बाबूजी नाईकांचा भुईकोट वाडा आहे. सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर ही मंदिरे याच परिसरातली. बाबूजी नाईक जोशी हे अठराव्या शतकातील बडे सावकार. थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना दिली होती. नाते असे जवळचे, तरी पैशाचा व्यवहार नात्याला जुमानत नाही. बाजीरावांच्या मोहिमांना कर्ज पुरवणाऱ्यांत नाईक होते, आणि त्या कर्जाच्या तगाद्याने पेशवे बेजार झाल्याच्या नोंदी इतिहासात आहेत. १७४० मध्ये बाजीराव निवर्तल्यावर नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळू नयेत म्हणून बाबूजींनी स्वतःसाठी खटपटही केली. ती साधली नाही.

“म्हणजे राजाचा प्रधानसुद्धा वहीत नावे पडलेला होता,” कापडवाला हसून म्हणाला.

परंतु बारामती बाबूजींना ओळखते ती तगाद्यासाठी नव्हे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत पराडकर १७५२ च्या सुमारास बारामतीस आले आणि नाईकांच्या आश्रयाने येथेच पुराण सांगत, लिहीत राहिले. १७९४ मध्ये याच गावी त्यांनी देह ठेवला. चाळीस वर्षांहून अधिक काळ कऱ्हेच्या काठी बसून त्यांनी आर्यांत अवघे महाभारत रचले, वेगवेगळ्या तऱ्हांची एकशे आठ रामायणे लिहिली आणि अखेरीस ‘केकावली’ लिहिली. आर्या म्हटली की मोरोपंत, असे समीकरण मराठीत कायमचे झाले. नाईकांच्या तिजोरीतले लाखो रुपये कोठे गेले, याचा हिशेब आज कोणाला देता येणार नाही. त्यांतले जे थोडे द्रव्य एका विद्वानाच्या शिध्यासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी खर्च झाले, तेवढेच अडीचशे वर्षे टिकले. वाड्याच्या तटाकडे पाहत असताना हा विचार व्यापाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

डिसेंबरातला दिवस लहान. चौविहाराचा नियम पाळायचा असल्याने दिवस मावळण्यापूर्वी आडतवाल्याच्या घरी पाने मांडली गेली : बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, ताज्या तुरीच्या शेंगांची उसळ आणि शेवटी तूप-गूळ. गुळाच्या खड्यावरून बोलणे बाजाराकडे वळले. बारामतीचा गूळ एके काळी दूरवर जात असे. १९१४ मध्ये दौंडपासून अरुंद रुळांची आगगाडी बारामतीपर्यंत आली आणि गुऱ्हाळांतल्या ढेपांना मोठ्या बाजारांची वाट मोकळी झाली. आडतवाल्याच्या वडिलांच्या आठवणीत रुमालाखाली बोटे धरून ठरणारे सौदे होते. शेतकरी शेजारी उभा असे. त्याच्या मालाचा भाव त्याच्यादेखत ठरे आणि तरी त्याला कळत नसे. पुढे बाजार समित्यांचे कायदे आले, सौदा उघड लिलावाने होऊ लागला, आणि पट्टीवर आडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहून देणे भाग पडले.

“वडील कुरकुरायचे,” आडतवाला म्हणाला. “पण एक मानायचे. उघड लिलाव आल्यापासून शेतकरी पट्टी घडी करून खिशात ठेवायचा आणि पुढच्या वर्षी परत आमच्याच गाळ्यावर यायचा.”

सरांनी मान डोलावली. सकाळपासून दोघांत प्रथमच एकमेकांकडे सरळ पाहून बोलणे झाले.

रात्री फेरफटका मारताना चौघे आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी पोहोचले. हे महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. गावातील एका जैन घराण्यातील पुरुषाचे नाव त्याला आहे आणि ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव आहे अनेकान्त एज्युकेशन सोसायटी. चार वर्षे रोज ज्या कमानीखालून ये-जा केली, तिच्यावरचा तो शब्द कोणी कधी निरखून वाचला नव्हता. एखाद्या वस्तूला अनेक अंगे असतात, एका ठिकाणी उभे राहून त्यांतले एकच दिसते, आणि म्हणून आपल्याला दिसलेले तेवढेच खरे असे म्हणू नये, ही शिकवण पाठशाळेत हत्ती आणि सात आंधळ्यांच्या गोष्टीतून सगळ्यांनी ऐकलेली असते. सुप्याच्या पेठेत ती कोणाला आठवली नव्हती. हत्तीची गोष्ट ऐकणे सोपे असते. आपणच त्यातला एक आंधळा आहोत हे उमगायला वेळ लागतो.

कालवा आणि कारखाना

रविवारी सकाळी इंदापूरचा रस्ता धरला. बारामती सोडल्यावर दोन्ही अंगांना ऊस दिसू लागतो. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. भीमा आणि नीरा या दोन्ही नद्या जवळून वाहतात, पण पाऊस दगा देतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात पोटासाठी काम मागणाऱ्या हजारो हातांना दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या खोदाईवर लावले गेले. पुढे भोरजवळ भाटघरचे धरण बांधून कालव्याला बारमाही आधार मिळाला. ज्यांनी कालवा खोदला त्यांतल्या अनेकांना त्याचे पाणी पाहायला मिळाले नसेल. त्यांच्या नातवंडांच्या शेतात मात्र ऊस उभा राहिला. उसातून गुऱ्हाळे आली, गुऱ्हाळांतून बारामतीची पेठ मोठी झाली, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने. सुप्याच्या त्या बाजाराच्या दिवसापासून कालव्याच्या पहिल्या कुदळीपर्यंत दोन वर्षांहून अधिक अंतर नाही, याची जाणीव सरांनी करून दिली. कालव्याच्या भरावावरून अर्धा तास चौघे चालले. पाण्याचा आवर्तनाचा दिवस होता. एका पाटकऱ्याने सायकल थांबवून सरांना नमस्कार केला. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला.

लासुर्णे सोडल्यावर आत वळले की वालचंदनगर. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांच्या नावाचे हे गाव. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद दोशी यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढले, आणि मराठीतून जैन समाजाशी बोलण्याची वाट त्यांनी पाडली. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेऊन हिंदी मालकीचे जहाज समुद्रात लोटले. १९४० मध्ये बंगळुरास विमानांच्या कारखान्याचा पाया घातला. आणि या सर्वांच्या मध्ये, १९३० च्या दशकात, नीरेच्या काठी कळंबच्या माळावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभारला. त्याभोवती वस्ती झाली, शाळा झाली, रुग्णालय झाले, जिनमंदिर झाले. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेतून पुढे यंत्रे घडवणारा उद्योग वाढला, आणि भारताच्या अग्निबाणांची आवरणे याच माळावर तयार होऊ लागली.

गावातून चालताना कापडवाला म्हणाला, “एकाच शतकात दोन गोष्टी झाल्या. सुप्यात आपल्या वह्या जळाल्या, आणि तिथून काही कोसांवर आपल्याच एका माणसाचं नाव गावाला मिळालं.”

“फरक कशात होता?” सरांनी शिक्षकाच्या सवयीने विचारले.

उत्तर आडतवाल्याने दिले. “सुप्यात पैसा शेतात गेला आणि व्याज घेऊन परत आला. इथे पैसा शेतात गेला आणि तिथेच राहिला. शाळेत, कारखान्यात, पगारात.” थोडा थांबून त्याने पुस्ती जोडली, “अर्थात कालवा नसता तर वालचंदांनाही इथे काही करता आलं नसतं. आणि १८७५ मध्ये कालवा नव्हता.”

इंदापूर

निमगाव केतकीचे पानमळे मागे टाकून दुपारी चौघे इंदापुरास पोहोचले. पुणे-सोलापूर महामार्गामुळे बहुतेक प्रवासी या गावाला बगल देऊन निघून जातात. आत शिरले तर मालोजीराजांच्या गढीचे ठिकाण दिसते. शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत पडले. पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे मुक्काम करते. चांदशहावलीचा दर्गा आणि इंद्रेश्वराचे मंदिर एकाच गावात आहेत. येथपर्यंत सर्व ओळखीचे होते. गढीपाशी आल्यावर सरांनी तिसरे पान उघडले.

मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची जी पद्धत पुढे शंभर वर्षे चालली, तिचा जन्म या तालुक्यात झाला. १८२८ च्या सुमारास पुण्याचे असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी येथे जमिनीची मोजणी केली. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो शास्त्रशुद्ध दिसत होता. रानात तो खोटा ठरला. मोजणीत घोळ होते, आकार पेलवत नव्हता. अनेक कुणब्यांनी जमिनी सोडल्या, काही मुलूख सोडून गेले, रान पडीक पडले. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच पुन्हा मोजणी सुरू केली. जमिनीची नऊ प्रती लावून आणेवारीने प्रतवारी केली, आकार उतरवला, आणि तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. पडीक रान पुन्हा वाहितीस आले.

“तीस वर्षं,” लेखापाल मित्र म्हणाला आणि त्याने मनातल्या मनात बेरीज केली. “म्हणजे १८६६-६७.”

“बरोबर. फेरआकारणी पुन्हा इंदापुरापासूनच सुरू झाली. मग भीमथडी, म्हणजे आपलं सुपे. अनेक गावांत आकार दीडपटीवर गेला. आणि कोणत्या वेळी? अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर, १८६१ ते ६५, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव होता. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली, शेतकऱ्यांनी घेतली. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि नेमका त्याच सुमारास सारा वाढला. सारा रोख भरायचा. हप्ता चुकला तर जमीन जप्त. मग शेतकरी जाणार कुठे?”

“सावकाराकडे,” आडतवाला म्हणाला.

“आणि सावकारानं काय करायचं? त्याचाही पैसा वरच्या पेढीचा. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. साधा रोखा तीन वर्षांनी निकामी. म्हणून दर तीन वर्षांनी नवा रोखा, त्यात जुनं व्याज मुद्दल म्हणून. कायदा शेतकऱ्याच्या सोयीसाठी केला होता. त्यानंच त्याचा गळा आवळला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं शेतकऱ्यांची ही अवस्था १८७३ मध्येच सरकारपुढे मांडली होती.”

लेखापाल मित्र गढीच्या दगडावर बसला. त्याच्या धंद्यात ज्याला फरक म्हणतात तो आता सापडला होता. सुप्याच्या पेठेत दोन पक्ष समोरासमोर उभे होते, आणि दोघांच्याही मानगुटीवर बसलेला तिसरा तेथे हजर नव्हता. त्याने हातातल्या कागदावर तीन रकाने आखले : शेतकरी, सावकार, सरकार. मग म्हणाला, “पण सर, तिसऱ्याचं नाव सापडलं म्हणून दुसरा सुटत नाही. व्याजाला व्याज लावताना लेखणी आपलीच होती.”

हे वाक्य आडतवाल्याने म्हटले असते तर कबुली ठरली असती. सरांनी म्हटले असते तर आरोप. तिघांतल्याच एकाने ते म्हटले, म्हणून ते चौघांचे झाले.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा काय म्हणत होता, हेही सरांनी सांगितले. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायालयाने केवळ रोख्यावर विसंबू नये, व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा; कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये; रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा; सावकाराने भरणा झालेल्या रकमेची पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा उतारा आणि खातेपुस्तिका द्यावी. आज प्रत्येक दुकानात पावती आपोआप छापून निघते. तिच्यामागे सुप्याच्या राखेचा इतिहास आहे, हे पावती फाडणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

संगम

दिवस कलण्यापूर्वी चौघे नीरा-नृसिंहपूरला पोहोचले. कऱ्हा बारामतीच्या खाली नीरेला मिळते. नीरा येथे भीमेला मिळते. लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरापासून घाटाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात. हिवाळ्यात दोन्ही प्रवाहांचे रंग काही अंतरापर्यंत वेगळे दिसतात आणि पुढे ओळखू येत नाहीत. पायऱ्यांवर बसून घरून आणलेली गुळाची पोळी सूर्यास्ताच्या आत संपवली गेली.

आडतवाला बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “दर वर्षी क्षमापनेला मी सगळ्यांना हात जोडतो. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. पण नकळत म्हणताना मला बरं वाटतं, कारण कळून घ्यायचं राहून जातं. सर, उद्या रद्दीवाला येणार नाही. सुप्याचा गठ्ठा तुम्ही सोडा. जे निघेल ते वाचू.”

त्याच्या तोंडून ‘तुम्ही’ गेले, हे त्याच्याही ध्यानात आले नाही.

“आणि वाईट निघालं तर?” कापडवाल्याने विचारले.

“निघेल तर निघेल. वही जाळणाऱ्यांनी जाळली. उरलेली आपण रद्दीत घातली, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?”

सर उठले. त्यांच्याही घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पणजोबांच्या काळातल्या साऱ्याच्या पावत्या आणि दोन-तीन फेडलेली खते आहेत. ती पेटी पुढच्या शनिवारी आणतो, असे ते म्हणाले. दोन्हीकडचे कागद एका बैठकीवर आल्याशिवाय ताळा लागत नाही.

त्यानंतरच्या शनिवारपासून दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक भरू लागली आहे. पोटमाळ्यावरचे गठ्ठे खाली आले आहेत, कसर झटकून त्यांना नवे कापड बांधले आहे, आणि इमारत पाडण्याचे काम महिनाभर पुढे ढकलले गेले आहे. आतापर्यंत थोडीच पाने वाचून झाली. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज बऱ्याच खात्यांना लागलेले आहे. काही ठिकाणी व्याज मुद्दलात चढवलेले स्पष्ट दिसते; तेथे आडतवाला मित्र काही न बोलता पान उलटायला सांगतो. एका खात्यात, दुष्काळी सालात, व्याज सोडल्याची एका ओळीची नोंद सापडली. तेथेही कोणी काही बोलले नाही. सर मोडी वाचतात आणि आडतवाल्याचा मुलगा, ज्याने रद्दीवाल्याला बोलावले होते, शेजारी बसून संगणकावर उतरवून घेतो. त्याला मोडीतले आकडे आता ओळखू येऊ लागले आहेत.

ज्या घरांच्या माळ्यांवर असे गठ्ठे अजून पडून आहेत, ती घरे या भागात थोडी नाहीत. बारामती आणि इंदापूर पाहायला दोन दिवस पुरतात. गढी, वाडा, कालवा, कारखाना, संगम, सर्व पायी होण्याजोगे आहे. आपल्याच गावात प्रवासी होऊन एकदा हिंडावे. आणि जाताना ज्याच्या घरात हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितली जाते, असा एखादा मित्र बरोबर असावा.